‘फी दुसऱ्यांनी भरली’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया चार दिवसांपूर्वी वाचली. उत्तर लगेच लिहिलंही होतं, पाच ओळींचं, चांगलं झणझणीत. टाकलं नाही. बरं झालं, कारण त्या पाच ओळींत तुमच्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मॅनेजर झाल्यावर पहिल्या तीन वर्षांत मी काय काय चुकले ते त्यात लिहिलं होतं. सगळं काम स्वतःच्या हातात ठेवलं, रखडलेल्या प्रोजेक्टवर ऐनवेळी माणसं वाढवली आणि भर मीटिंगमध्ये एका सहकाऱ्याचा पाणउतारा केला. तो पुढे नोकरी सोडून गेला. ‘या चुकांनीच मला घडवलं’ असं एक वाक्यही शेवटी ठोकून दिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘शिकलात तुम्ही, फी दुसऱ्यांनी भरली. त्याने नोकरी सोडली, तुम्हाला बढती मिळाली, वर आता लेखही झाला. त्याला कधी विचारलंत का? मॅनेजरच्या चुकीची किंमत मॅनेजरच्याच पगारातून कापली पाहिजे.’

माणसं वाढवण्याबद्दल ‘हे तर सगळ्यांना माहीत असतं’ असा टोमणा तुम्ही मारलात, तो मान्य. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळल्यावर फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की, उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. नवीन माणसाला शिकवायला जुन्याच माणसाचा वेळ जातो, एवढं साधं आहे ते. मला ते पाठ होतं. तरी मी दोन माणसं मागितली, कारण वरच्यांना ‘मी काहीतरी करतेय’ हे दिसायला हवं होतं. यावर जास्त लिहीत नाही. तुमचा खरा घाव दुसरीकडे आहे.

त्या मीटिंगचं आधी सांगते, कारण मूळ लेखात मी ते फार गोलमाल लिहिलं होतं. दर सोमवारी स्क्रीनवर एक्सेल शीट उघडायची. प्रत्येकाच्या कामासमोर एक रंग: हिरवा, पिवळा नाहीतर लाल. टेस्टिंग त्या सहकाऱ्याकडे होतं. त्याच्या रांगेत पिवळा रंग होता आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘जुन्या ग्राहकांचा डेटा अजून तपासलेला नाही, दोन आठवडे लागतील.’ मी म्हणाले, “हे पिवळं कशाला? घाबरवायला?” दोघंतिघं हसले. त्याने काही न बोलता माऊस हातात घेतला आणि सगळ्यांसमोर तो चौकोन हिरवा केला.

पुढच्या सोमवारी अख्खी शीट हिरवीगार. मला वाटलं, चला, टीम रुळावर आली. नवं सॉफ्टवेअर रिलीज झालं त्या रात्री जुन्या ग्राहकांचाच डेटा बिघडला.

आता तुमचा प्रश्न. हो, विचारलं होतं, पण दोन वर्षांनी. मोठा मेसेज लिहून त्या मीटिंगबद्दल त्याची माफी मागितली. त्याचं उत्तर असं होतं: ‘त्या मीटिंगचं काही नाही हो, मी विसरलोही होतो. अप्रेझलमध्ये तुम्ही लिहिलंत ना, जबाबदारी घेत नाही, ते मात्र लागलं.’

मी ते वाक्य लिहिलं होतं हे मला आठवतच नव्हतं. माझा लॅपटॉप बदलला होता, पण फाइल सापडली. वाक्य तिथे होतं, माझ्याच भाषेत.

हे मी मूळ लेखात का लिहिलं नाही? खरं कारण सांगते. सगळ्यांसमोर ओरडले, टोचून बोलले, ही चूक लिहायला सोपी असते. वाचणारा म्हणतो, अरे, होतं असं, ताण असतो. माणूस प्रामाणिकही दिसतो. तुम्ही ‘प्रामाणिकपणा मिरवणं’ म्हणालात, तेव्हा मला राग आला तो त्यामुळेच. मी लेखात दिलेली यादी माझ्या सोयीची होती. त्याने केली असती, तर ती वेगळी झाली असती. माझ्या हाताखाली काम केलेल्या अकरा जणांच्या अकरा याद्या असतील. त्यातली मला फक्त एक कळली आहे, तीसुद्धा तो कंपनी सोडून गेल्यावर, माझ्या हातात त्याचं काही उरलं नव्हतं तेव्हा.

१९९० च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी हॉस्पिटलमधल्या टीम्सच्या औषधं देतानाच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीम्स कमी चुका करत असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: ज्या टीम्सचं आपसांत चांगलं जमत होतं, तिथेच चुकांची नोंद जास्त होती. त्या जास्त चुकत नव्हत्या, जास्त बोलत होत्या. बाकीच्या ठिकाणी चुका गिळल्या जात होत्या. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती हिरवीगार शीट आली. चांगल्या मॅनेजरच्या टीमचा कागद बहुतेक वेळा वाईट दिसतो, आणि मी कागद सुधारत बसले होते.

आता पगारकपातीबद्दल. इथे माझं तुमच्याशी पटत नाही, आणि हे स्वतःला वाचवायला म्हणतेय असं वाटेल याची कल्पना आहे, तरी म्हणते. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए या अमेरिकन विमानकंपनीचं ५१४ नंबरचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे उतरताना डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. उतरण्याच्या परवानगीचा वैमानिकांनी लावलेला अर्थ आणि कंट्रोलरच्या मनातला अर्थ यांत फरक पडला होता. नंतर कळलं की, सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे वैमानिक नेमके तिथेच, तशाच गैरसमजातून थोडक्यात वाचले होते. त्यांनी आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचायला वाटच नव्हती. त्यातून १९७६ मध्ये अमेरिकेत वैमानिकांनी आपण होऊन चुका कळवायची व्यवस्था उभी राहिली. तिच्यातली मेख अशी की, हे अहवाल नासा गोळा करते, परवाने देणारी आणि काढून घेणारी विमानवाहतूक नियामक संस्था, एफएए, नाही. दहा दिवसांच्या आत कळवलंत, तर नियम मोडल्याचा दंडही सहसा माफ होतो. ज्याच्या हातात छडी, त्याच्याकडे कोणी चूक घेऊन जात नाही, हे ओळखूनच ती बांधली आहे.

ऑफिसात नेमकं उलटं असतं. पिवळा रंग ज्याला दाखवायचा, तोच मार्चमध्ये तुमचं अप्रेझल लिहिणार. पगार कापायला लागलात, तर मॅनेजरही तेच करतील जे त्याने माऊसने केलं. त्यांची तर आख्खी कंपनी हिरवी होईल.

म्हणून मी सध्या एक साधी गोष्ट करते. माझ्या टीममधल्या अडचणी महिन्यातून एकदा दुसऱ्याच टीमची मॅनेजर ऐकते, तिच्या टीमच्या मी ऐकते. नावं न सांगता फक्त मुद्दे एकमेकींना देतो. पहिल्या महिन्यात माझ्याबद्दल तिच्याकडे काहीच आलं नाही आणि मी खूश झाले. (सवय जात नाही.) तिसऱ्या महिन्यात सात मुद्दे आले. त्यातला एक असा, की कोणी बोलायला आलं तरी मी लॅपटॉपवरून नजर काढत नाही. चौदा वर्षं नोकरी केली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पण त्या विमानवाल्या व्यवस्थेत एक अट आहे, आणि उत्तर लिहायला चार दिवस लागले ते तिच्यामुळे. माफी अनवधानाने झालेल्या चुकीला आहे. जाणूनबुजून केलेल्याला नाही. मीटिंगमधला टोमणा तोंडातून निसटला. अप्रेझलचं वाक्य निसटलं नव्हतं. रिलीज फसल्यावर वरून विचारणा होणार होती, शीटवर आधी पिवळा रंग होता हे मला माहीत होतं, आणि ‘जबाबदारी घेत नाही’ हे वाक्य माझ्या बाजूने कागदावर असावं म्हणून मी ते शांतपणे बसून लिहिलं. याला मी लेखात ‘चूक’ म्हटलं असतं, तरी ते खोटंच झालं असतं.

परवा त्याला तुमची प्रतिक्रिया पाठवली. आधीचा लेख त्याला न विचारताच लिहिला होता, तेही कबूल केलं. आता उत्तरात त्याच्याबद्दल लिहू का, असं विचारलं. तो म्हणाला, “लिहा, पण लिहायचं तर ते अप्रेझलचंही लिहा.” मग एचआरला विचारलं, ती नोंद आता दुरुस्त होईल का. नाही होत, ते वर्ष बंद झालंय. त्या वर्षी त्याला पगारवाढ कमी मिळाली होती, आणि पुढच्या कंपनीने त्याच आकड्यावरून पगार ठरवला, हे त्यानेच बोलता बोलता सांगितलं. ‘फी’ हा शब्द तुम्ही सहज वापरला असेल. त्याच्या बाबतीत तो अक्षरशः खरा निघाला.

मूळ लेखातलं ‘घडवलं’ हे वाक्य काढून टाकलंय.