बिल बेरीला कुणीही हाकललं नव्हतं

आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडच्या १९९८ च्या 'अप' या अल्बमबद्दलचा तो फॉरवर्ड काल भाच्यानेही पाठवला, 'मामा, खरंय का हे?' म्हणून. मजकूर असा: ड्रमर बिल बेरीला हाकलून ड्रमचं मशीन बसवलं, एक गाणं कॅनडाचा गायक-गीतकार लेनर्ड कोहेनचं चोरलं, अल्बम आपटला आणि बँड तिथेच संपला.

हाकलल्याची थाप सगळ्यात वाईट, कारण ती एका आजारी पडलेल्या माणसाबद्दल आहे. मार्च १९९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये ऐन कार्यक्रमात बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. शस्त्रक्रियेनंतर तो दौऱ्यावर परतला, १९९६ चा अल्बमही त्याने केला. ऑक्टोबर १९९७ मध्ये तो स्वतःहून बाहेर पडला, तेही 'माझ्यामुळे बँड मोडणार असेल तर मी जात नाही' असं सोबत्यांना सांगून. २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात चौघं पुन्हा एकत्र वाजवले. हाकललेल्याशी असं वागतात का?

मशीनचं म्हणणं अर्धं खरं. पहिलंच गाणं 'एअरपोर्टमन' मशीनच्या ठोक्यावर चालतं. पण सीडीची पुस्तिका उघडा: जोई वॉरंकर आणि बॅरेट मार्टिन हे दोन हाडामांसाचे ड्रमर तिथे छापलेले आहेत. चोरीचा निकालही त्याच पुस्तिकेत लागतो. 'होप' या गाण्याची चाल कोहेनच्या 'सुझान' या गाण्याशी जुळते हे बँडच्याच लक्षात आलं आणि त्यांनी कोहेनचं नाव गीतकारांत घातलं. चोर मालकाचं नाव छापत नाही. आणि सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेली आर.ई.एम.ची ही पहिलीच पुस्तिका. ती न उघडता लिहायचं म्हणजे कमाल आहे.

आपटला? अमेरिकेत तिसरा, ब्रिटनमध्ये दुसरा क्रमांक. आधीच्या अल्बमांपेक्षा खप घटला, हे मान्य. बँड २०११ पर्यंत चालला, आणखी चार अल्बम काढून.

दोष आहेतच. १४ गाणी, तासाभराहून जास्त लांबी, आणि सातव्या-आठव्या गाण्याशी अल्बम रेंगाळतो. 'एअरपोर्टमन'ने सुरुवात करणं ही मोठी चूक. तिथेच बरेच जण सोडून देतात. म्हणून अकराव्यापासून, 'डेस्लीपर'पासून ऐका: रात्रपाळीच्या माणसाचं गाणं, तीनाच्या ठेक्यावर झुलणारं. मग पाचवं, 'अॅट माय मोस्ट ब्यूटिफुल', बीच बॉइज या जुन्या अमेरिकन बँडच्या धाटणीच्या थरांवर थर चढवलेल्या आवाजांचं. त्यानंतर नववं, 'वॉक अनअफ्रेड'. 'एअरपोर्टमन' सगळ्यात शेवटी ठेवा.