कविता शिकवण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

सर, उद्या दहावीला कविता आहे ना? मग एवढं पाळा: ती मोठ्यानं म्हणू नका. चालीवर तर नकोच. लेकरं डोलायला लागतात, आणि डोलणाऱ्या लेकराला रसग्रहणाचे चार गुण मिळत नसतात.

आधी फळ्यावर कवितेचा आशय उतरवून द्या, कविता मागाहून उरल्या वेळात. 'प्रस्तुत कवितेतून कवीने' अशी सुरुवात पाठ करून घेतली की पाऊस असो, आई असो, देशभक्ती असो, सगळीकडं चालते. मग अलंकार. 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा. तांदळातले खडे निवडावेत तसे निवडायला लावा. भात शिजवायचा नाहीच आहे.

आपल्या भागात पावसाच्या कवितेला मात्र सांभाळून. मागच्या बाकावरचं एखादं पोरगं हमखास उठतं, "सर, ह्यात पाऊस येळंवर आलाय. ही अतिशयोक्ती हाय का?" त्याला खाली बसवा. प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

दुसरा धोका आजीचा. ओवी शिकवताना एखादी पोरगी बोलून जाते, "माझी आजी जात्यावर असंच म्हणायची." शाळेची पायरी न चढलेल्या बाईला साडेतीन चरण सांभाळता येतात हे वर्गात फुटलं तर आपलं काय काम उरलं? तशी आपली हद्दच बिघडलेली. गंगाखेडची जनाबाई दळता-कांडता अभंग रचती झाली, नाथांनी पैठणात भारुडातून विंचू चाववला, आणि अंबाजोगाईच्या दासोपंतांना लिहायला कागद पुरला नाही, त्यांनी अख्खी पासोडी, म्हणजे पांघरायचं जाडंभरडं कापड, लिहून भरली. तुम्ही उत्तराला पाच रेघा आखून द्या. सहावी ओळ आली की खोडा.

आता कवितालेखन. हे शक्यतो टाळा. पण वरून उपक्रम आलाच, तर विषय तुम्हीच द्या. यमकंही द्या: शाळा, फळा, लळा. मोकळं सोडलं की काय होतं ते ऐका. बीडकडच्या एका पोरानं दोनच ओळी लिहिल्या:

दिवाळी सरली, ट्रॅक्टर आला,
माय-बापाचा एक कोयता झाला.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. ठाऊक नाही असं दाखवा. उपमेय आहे, उपमान आहे, पण साधर्म्य कुठाय, असं समासात लिहा. शेजारी लाल पेनानं शेरा: 'कल्पना अस्पष्ट.' दहापैकी तीन द्या. अक्षर बरं आहे.

मग त्याला नवा विषय द्या, 'दिवाळीची गंमत'. घरी आजी आणि तो असे दोघंच असतील, तेव्हा लिहायला निवांत वेळही मिळेल. यमकाला जंमत चालेल, हिंमत चालेल. किंमत नको.