रविवारची सकाळ आणि एका आजींची प्रतिक्रिया

नमस्कार आजी,

तुम्ही नाव दिलं नाहीत, खाली फक्त ‘एक आजी’ अशी सही केलीत, म्हणून मीही आजीच म्हणते. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी तुमची प्रतिक्रिया नाही. तिच्यात राग आहे आणि रागाच्या मागे बरंच काही आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांना थोडक्यात सांगते. जानेवारीतल्या संकष्टीला, रविवारी सकाळी, मी एकटी ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला गेले होते. खाडीवरचा गारवा, थर्मासमधला चहा, चिखलात माना खाली घालून चरणारे गुलाबी थवे आणि घरी परतल्यावर नवऱ्याने केलेली साबुदाण्याची खिचडी, एवढाच तो लेख. आजींचं म्हणणं असं की मुलगी दहावीला असताना आईने असं हिंडणं शोभत नाही, आणि जायचंच तर सगळ्यांचं आवरून दुपारी जावं. त्यांनी चार मुलं वाढवली, पण स्वतःसाठी कधी एक दिवस मागितला नाही, कारण आईचा आनंद मुलांमध्येच असतो. नवऱ्याने खिचडी केली तर त्याचं एवढं कौतुक कशाला, असंही त्यांनी विचारलं आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता म्हणावं तसं, त्यांनी लिहिलं आहे की असलं वाचून त्यांची सूनही हल्ली रविवारी सकाळी पोहायला जाते, आणि गुडघे दुखत असताना दोन्ही नातवंडं त्यांना सांभाळावी लागतात.

आजी, हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्याच्याकडे येतेच.

आधी दहावी. लेकीची सराव परीक्षा होऊन गेली होती. त्या सकाळी ती गजर लावून बीजगणिताचा जुना पेपर सोडवायला बसणार होती. पेपर दोन तासांचा. त्या दोन तासांत मी घरात असते तर दूध घेऊन गेले असते, खिडकी लावून घेतली असती, दारातून ‘किती झाले गं?’ असं विचारलं असतं. तिला त्यातलं काहीच नको होतं. ‘आई, तू जा, मी पेपर सोडवते, आलीस की चुका बघू,’ असं तीच म्हणाली होती.

पण समजा ती म्हणाली नसती, तरी मी गेले असते. का, ते सांगते.

आपल्याकडे दहावीच्या वर्षी घरात काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. टीव्ही बंद होतो. पाहुण्यांना ‘परीक्षा झाली की या’ असा निरोप जातो. गणपतीत गावाला जाणं रद्द होतं, आई रजा टाकते, बाबा मोठ्याने बोलत नाहीत. सगळं प्रेमापोटीच होतं, मला ते नाकारायचं नाही. पण ज्या मुलीसाठी हे चाललेलं असतं तिला ते सगळं दिसत असतं. आपल्यापायी घरातल्या प्रत्येकाने काहीतरी सोडलंय, हे पंधरा वर्षांच्या पोरीला पक्कं कळतं. मग त्याची परतफेड ती टक्क्यांत करायला बघते. ऐंशी पडले तर आईच्या वर्षभराच्या त्यागाचं काय, असा तिचा हिशेब सुरू होतो. पेपर अवघड गेल्यावर स्वतःच्या काळजीआधी आईच्या चेहऱ्याची काळजी वाटणारी मुलं मी पाहिली आहेत. आमच्याच इमारतीत पाहिली आहेत.

म्हणून आईचा आनंद मुलांमध्ये असतो हे तुमचं वाक्य मला खरं वाटतं, पण तो तेवढ्यातच असावा हे पटत नाही. संध्याकाळी मटार सोलायला बसलं की माझी लेक शाळेतलं एकेक सांगायला लागते. कोण कोणाशी बोलत नाही, कोणत्या बाईंनी कोणाला उभं केलं. टोपली रिकामी झाली तरी आम्ही उठत नाही. हा माझा फार मोठा आनंद आहे, आणि तो मला कुठल्याही पक्ष्याच्या बदल्यात द्यायचा नाही. पण माझ्या सुखाचा सगळा भार तिच्यावर पडू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ती पुढे शिकायला दुसऱ्या गावी जाईल, तिचा स्वभाव बदलेल, कधी माझ्यावर रागावेलही. त्या दिवसांतही माझं बरं चाललंय याची तिला खात्री हवी. ते मी नुसतं बोलून तिला पटणार नाही. तिला तसं दिसलं पाहिजे, आणि ते आत्तापासून दिसलं पाहिजे.

माझ्या आईचं सांगते. तीही तुमच्यासारखीच, सगळ्यांचं करून मग जेवणारी. तिला स्वतःची अशी काही आवडच नाही, असं आम्ही भावंडं वर्षानुवर्षं समजत होतो. खरं म्हणजे होती. दुपारी भांडी आवरून झाली की ती वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसायची, आणि दाराची कडी वाजली की पेपर घडी करून उशीखाली सारायची. कोणी तिला रागावणार नव्हतं. वडील तर मुळीच नाहीत. तरी ती लपवायची. मी मोठी झाल्यावर तिला कारण विचारलं तर म्हणाली, ‘रिकामी बसलेय असं वाटायला नको.’ तिचा शब्दसंग्रह आमच्या मराठीच्या बाईंपेक्षा मोठा होता, आणि घरात ते कोणालाच माहीत नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं. तिने ते कोडं आमच्यासमोर, ओट्याशेजारच्या खुर्चीत बसून सोडवलं असतं, अडलेला शब्द आम्हाला विचारला असता, तर आम्हाला आमची आई आणखी थोडी कळली असती.

तुमच्या पिढीने स्वतःसाठी काही मागितलं नाही असं तुम्ही म्हणता. आजी, जरा श्रावण आठवा. लग्नानंतरची पाच वर्षं मंगळागौर पुजायची, आणि त्या रात्री जागरण. झिम्मा, फुगडी, पिंगा, उखाणे, पहाटेपर्यंत नाच. त्या रात्री घरातली लहान मुलं कोणाजवळ तरी निजलेली असायचीच ना? त्या बायकांना कोणी म्हणालं नाही की तुम्हाला हे शोभत नाही. नवरात्रातला भोंडला, संक्रांतीचं हळदीकुंकू, त्याआधीच्या पिढ्यांत जात्यावरच्या ओव्या. बायकांनी आपला आनंद कधीच टाकून दिला नव्हता. फक्त त्याला देवाचं नाहीतर कामाचं निमित्त लागायचं. पूजा होती म्हणून रात्रभर खेळता आलं, दळण होतं म्हणून गाता आलं. मला त्या निमित्तांबद्दल आदर आहे, माझीही मंगळागौर झाली आहे. पण खाडीवर जाऊन पक्षी बघावेत एवढं वाटणं पुरेसं असावं, त्याला आणखी कारण लागू नये.

आता ‘आवरून दुपारी जावं’ याबद्दल. हे मी आनंदाने केलं असतं, पण खाडी तशी चालत नाही. रोहित उथळ पाण्यात आणि ओल्या चिखलात खातात. चोच उलटी करून पाणी गाळतात आणि त्यातलं शेवाळ टिपतात. म्हणजे पाणी ओसरत असताना किंवा नुकतं चढू लागलेलं असतानाच ते नीट दिसतात. आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज साधलेली वेळ उद्या चालेलच असं नाही.

हे मला पुस्तकातून नाही, सासूबाईंकडून कळलं. त्या रेवदंड्याच्या. त्यांच्याकडे लहान मुलांनाही पाठ असतं की तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. संकष्टी म्हणजे चतुर्थी. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. पहाटे तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमाराला ओहोटी. ‘साडेसहाला नीघ, पाणी ओसरताना पोचशील,’ हे आदल्या रात्री दिनदर्शिकेकडे बघून त्यांनीच सांगितलं. लेखात हे यायला हवं होतं असं काही वाचकांनी सुचवलं, म्हणून इथे लिहिते आहे.

आणि तिथे गेल्यावर काय मिळतं, असंही तुम्ही विचारलंत. एका बाजूला मुंबई, एका बाजूला नवी मुंबई, मध्ये ही खाडी. शहराचं सांडपाणीही इथेच येतं. तरी नोव्हेंबरपासून पावसाळ्यापर्यंत हजारोंनी रोहित इथे मुक्कामाला असतात. २०१५ मध्ये खाडीचा हा भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. मी लहानपणापासून लोकलने कामावर जाणारी माणसंच पाहत आले. आपल्या घराच्या इतक्या जवळ इतकं सुंदर काही आहे, आणि ते बघायला तिकीट, रांग, ओळख काहीच लागत नाही, याने मला दर वेळी तितकंच भरून येतं.

हे पक्षी विणीला कच्छच्या रणात जातात. चिखलाचा बुटका बुरूज रचून त्यावर एकच अंडं. नर आणि मादी आळीपाळीने उबवतात, आणि पिल्लाला भरवायचं दुधासारखं द्रव दोघांच्याही घशात तयार होतं. पिल्लं थोडी मोठी झाली की शेकडो एकत्र जमतात, मोजके मोठे पक्षी त्यांच्यावर लक्ष ठेवतात आणि आईबाप दूर खायला जातात. परतल्यावर त्या गर्दीतून नुसत्या आवाजावरून आपलं पिल्लू शोधतात. पक्ष्यांचे रिवाज माणसांना लावावेत असं मी म्हणणार नाही. पण मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा लेकीने बीजगणिताचा पेपर बाजूला सारला आणि ‘फक्त आवाजावरून?’ असं तीनतीनदा विचारलं. मी घरातच बसले असते तर त्या दिवशी मी तिला काय सांगितलं असतं?

आता तुमच्या सुनेचं.

इथे तुमचा राग मला रास्त वाटतो. सून पोहायला गेली आणि मुलं सासूकडे आली, म्हणजे एका बाईची सुट्टी दुसऱ्या बाईच्या गुडघ्यांवर पडली. याला मी मोकळीक म्हणणार नाही. पण आजी, तुमची प्रतिक्रिया नीट वाचून बघा. त्यात सून आहे, नातवंडं आहेत, तुमचे गुडघे आहेत. तुमचा मुलगा कुठेच नाही. रविवारी सकाळी तो कुठे असतो?

केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास आणि त्यांचा दीड तासही नाही. आणि हा दीड तास जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचा आहे, न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत.

खिचडीबद्दल मी लिहिलं ते म्हणूनच. नवऱ्याची पाठ थोपटायला नव्हे. माझी सकाळ सासूबाईंच्या कष्टांवर उभी नव्हती, हे वाचकांना कळावं म्हणून. त्या दिवशी सासूबाईंचा उपास, त्यांना ओट्याशी उभं राहायला लागू नये हे आमचं आधीच ठरलं होतं. साबुदाणा रात्री नवऱ्याने भिजवला, दाण्याचं कूट त्याने केलं, खिचडी त्याने परतली, कढईही त्यानेच घासली. सुरुवातीला तो प्रत्येक डबा कुठे आहे ते आईला विचारायचा आणि त्या उठून दाखवायच्या. म्हणजे त्यांची सुटका नव्हतीच. मी दोघांनाही सांगितलं की विचारायचं नाही आणि उठायचं नाही, शोधून सापडेल. त्यावर घरात चांगलीच खडाजंगी झाली होती. आता त्याला डबे माहीत आहेत.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. सुनेचं पोहणं थांबवू नका. शनिवारी रात्री मुलाला समोर बसवून सांगा की उद्या सकाळी सात ते दहा मुलं तुझी, दूध, नाश्ता, आंघोळी सगळं. आणि तुम्ही घरात थांबू नका, कारण थांबलात तर तो विचारत राहील आणि तुम्ही उठत राहाल. देवळात जा, बागेत बसा, मैत्रिणीकडे चहाला जा.

आणि तुम्ही इकडे जवळपास राहत असाल तर आमच्याबरोबर चला. मेच्या अखेरीपर्यंत रोहित इथे असतात, आणि पुढच्या वेळी सासूबाईही येणार आहेत. चालायचं फारसं नाही, घडीच्या दोन खुर्च्या घेते. कोणता रविवार जमेल तेवढं कळवा.

तुमची,
लेखिका