ग्रिट्स म्हणजे कण्याच की!

अटलांटात राहून तुम्ही अजून सदर्न ब्रंचला (अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, न्याहारी आणि जेवण यांच्या मधला बेत) गेला नसाल तर मनाला लावून घेऊ नका. तिथे जाऊन, दोन तास बसून, बिल भरून, कशाचीही चव न घेता घरी कसं परतायचं, ते मी सांगतो. आमच्या ग्रुपने गेल्याच रविवारी एका नव्याने निघालेल्या ठिकाणी हे करून दाखवलंय.

वेळ अकराची ठरवा, म्हणजे अल्फारेटासारख्या उपनगरातून सव्वाअकराला निघता येतं. सगळी मंडळी आल्याशिवाय टेबल मिळणार नाही, असं दारातली मुलगी सांगेल. राहिलेले लोक पार्किंग शोधतायत, असं तिला ठामपणे सांगा. (ते अजून आंघोळ करत असतात.)

टेकल्या टेकल्या मिमोसा (संत्र्याच्या रसात शॅम्पेन) मागवा. जॉर्जियात पूर्वी रविवारी साडेबाराच्या आत हॉटेलात दारू मिळत नसे. २०१८ साली कायदा बदलला, गावोगावी मतदान झालं आणि अकराची मुभा मिळाली. लोकांनी इतक्या तळमळीने मतं दिली, त्यांचा मान राखायला नको? नेमका तेव्हाच पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल येतो. तिथे रात्रीचे दहा वाजलेले असतात. ग्लास लपवू नका. संत्र्याचा रसच दिसतो, आणि बराचसा असतोही. "ही न्याहारी म्हणायची का जेवण?" असं तिने विचारलं की मात्र नेटवर्क गेल्याचं सांगा.

आता ग्रिट्स. मक्याच्या पांढऱ्या कण्या, मऊ शिजवलेल्या, वर लोणी आणि चीज. मी घरून अभ्यास करून गेलो होतो. हे मूळचं इथल्या आदिवासींचं खाणं, २००२ साली जॉर्जियाने त्याला राज्याचा अधिकृत पदार्थ केलं, साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनकडचे कोळी सकाळी यावर कोळंबी घालून खायचे, आणि १९८५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये खाद्यलेखक क्रेग क्लेबोर्नने चॅपल हिलच्या शेफ बिल नीलची कृती छापल्यावर कोळ्यांची ही न्याहारी पांढऱ्या टेबलक्लॉथवर येऊन बसली. एवढं सगळं सांगायचं होतं. चार्ल्स्टनपर्यंत पोचलो तेवढ्यात अमरावतीच्या वहिनी म्हणाल्या, "कण्याच आहेत की हो! आमची आजी ज्वारीच्या करायची. ताकात कालवून खायची, घरात दुसरं काही नसलं की. चोवीस डॉलर?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हातावर पोट असलेल्यांनी ज्याच्यावर दिवस काढले, त्याचेच आता चोवीस डॉलर पडतात, हे त्यांनी एका घासात ओळखलं. तुम्ही अभ्यास करून जाऊ नका.

त्याऐवजी कोकणातल्या गृहस्थांसारखं करा. त्यांनी चमचा लावण्याआधीच "पेज आहे ही" असा निकाल दिला. सोलापूरकरांनी "फोडणी विसरलेला उपमा" म्हणून तो दुरुस्त केला. मग अपीलं चालली. वीस मिनिटांनी ग्रिट्सवर साय धरली आणि कोळंबी त्यात रुतून बसली.

बिस्किटाचं तंत्र वेगळं. पार्ले-जीशी याचं नात्याचं सोडा, ओळखसुद्धा नाही. मऊ गव्हाचा मैदा (इथल्या आज्या व्हाइट लिलीशिवाय दुसऱ्या पिठाला हात लावत नाहीत, टेनेसीत १८८३ साली सुरू झालेला ब्रँड), त्यात गार लोणी बोटांनी चोळायचं, ताक घालायचं, थापायचं आणि साच्याने कापताना साचा फिरवायचा नाही. सरळ खाली दाबायचा. फिरवला की कडा मिटतात आणि बिस्किट बसतं. आमच्या टेबलावर आलेलं मधोमध उकललं, तर पापुद्रे सुटले, वाफेचा झोत चष्म्यावर आला, आणि वर ठेवलेलं लोणी घसरत घसरत आत मुरायला लागलं. असा क्षण आला की लगेच ओरडा: "थांबा, कुणी खाऊ नका, फोटो!" प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळा काढावा लागतो. आमचं लोणी वितळून ताटलीत उतरलं आणि तिथेच पुन्हा थिजलं. फोटो सुरेख आलाय.

शाकाहारी मंडळींनी पालेभाजीकडे वळावं. कॉलर्ड ग्रीन्समध्ये मांस आहे का, असं विचारलं की वाढणाऱ्या साठीच्या बाई "छे हो, चवीपुरतं डुक्कर" असं इतक्या मायेने सांगतात की नाही म्हणवत नाही. मग सुरण-पालेभाज्यांच्या आठवणी काढत स्वीट टी प्या. त्यात पाकातले गुलाबजाम सोडता येतील.

याच बाईंना जमल्यास ग्रिट्स परत नेऊन जिरं-हिरवी मिरची घालून आणायला सांगा. आम्ही सांगितलं. त्या क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ब्लेस युअर हार्ट." आमच्यापैकी दोघांनी हात जोडले. हा आशीर्वाद नसून आपल्याकडच्या "बिच्चारा!"च्या जवळचा प्रकार आहे, हे मला माहीत होतं, पण अमरावतीचा धक्का ताजा असल्याने मी गप्प राहिलो.

बिल आल्यावर सगळे खिशाकडे हात नेतात. हात तिथेच ठेवा. सहाच्या वर माणसं असल्याने टिप आधीच लावलेली असते. ती न बघता वर आणखी वीस टक्के देणारा एक उदार माणूस बरोबर न्या. आम्ही मला नेलं होतं.

उरलेलं डब्यात भरून आणा. ग्रिट्सची फ्रिजमध्ये रात्रीत वडी पडते. कापा, तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस परता, वर मोहरी-हिंगाची फोडणी आणि कोथिंबीर. फोडणी सोडली तर इथल्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात, पण ग्रुपवर फोटो टाकताना "माझा प्रयोग" असंच लिहा. ओट्याशी उभ्याने मी तीन खाल्ल्या. पहिल्यांदाच मक्याची चव लागली.

फोटोखाली दोन मिनिटांत वहिनींचं उत्तर आलं: "मस्त! पुढच्या रविवारी इथिओपियन करू. इंजेरा म्हणजे आंबोळीच असते."