धर्म सापडला, ख्रिस्त नंतर

श्रद्धेने मनःशांती मिळते, असं एका लेखात वाचलं. खरं आहे, पण मला ते अपुरं वाटलं. पंडिता रमाबाईंचंच बघा. बाप्तिस्मा १८८३ साली, इंग्लंडात. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता! तो सापडला काही वर्षांनी, आणि मग त्या शांत बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या, पुण्याजवळ केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन हे आश्रयगृह उभं केलं, साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. हयातीत एकुलती एक लेक गेली, तरी काम सोडलं नाही.

मी जन्माने ख्रिस्ती. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा विधी, झालं, चर्चच्या गायनमंडळात वीस वर्षं गायले. सगळं सवयीने. माझे यजमान गेल्यानंतर मात्र चर्चमध्ये पाय टाकवेना. तेव्हा पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, उपदेश केला नाही; चर्चच्या मंडळीतल्या एका अंथरुणाला खिळलेल्या आजींना रोज बायबलमधलं स्तोत्र वाचून दाखवाल का, एवढंच विचारलं. पहिले काही दिवस मी नुसती वाचायचे. एकदा तेविसावं स्तोत्र वाचताना आजींनीच पुढची ओळ म्हटली, माझा हात धरून. त्या दिवशी मी खूप रडले आणि किती हलकं वाटलं, काय सांगू!

आता तीन घरी जाते. सकाळी उठले की कुणीतरी वाट बघतंय, हे ठाऊक असतं.