घाटात न्यूट्रल नकोच!

पावसाळा सरला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाका. पेट्रोल वाचतं, इंजिनाला आराम मिळतो. आता एबीएस आहे, ब्रेकची काळजी नको. तापलेच तर चाकांवर पाणी मारा.’ हे वाचून माणसं मुलाबाळांसह माळशेजला, नाहीतर मुरबाड-शहापूरच्या आतल्या पाड्यांकडे निघतात, म्हणून हे उत्तर.

पेट्रोल वाचतं हे कार्बोरेटरच्या, म्हणजे जुन्या पद्धतीने हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या गाड्यांच्या जमान्यातलं गणित. आजच्या, मोजून इंधन सोडणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंधन जवळपास पूर्ण बंद होतं. चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतंच. इंजिनाच्या आरामाचं म्हणाल, तर उतारावर गाडी रोखून धरण्याने ते झिजत नाही.

खरा धोका ब्रेकचा. माणसं आणि सामान धरून १,२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली येते तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा अठरा लिटर गार पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. थोडी हवा आणि टायर खातात. बाकीची इंजिनाने अडवली नाही तर सगळी ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये उतरते. आधी जळका, उग्र वास येतो. मग पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी धरत नाही. पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल २०५ अंशांपर्यंत टिकतं, पण ओलावा मुरला की १४० च्या आसपासच उकळू शकतं. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल सरळ तळाला जातं. काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. मग दोन-तीन दाबांतच पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरची मदत संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं.

एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. तापलेला ब्रेक ते थंड करत नाही. शिवाय पाड्यांच्या वाटेवर डांबर उखडून खडी सुटी झालेली असते. तिथे एबीएस असूनही गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकतं. अशा उतारावर पहिला गिअर टाका, ब्रेक हलके, अधूनमधून आणि वळणाच्या आधीच लावा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुने ड्रायव्हर सांगत आलेत. ऑटोमॅटिकलाही एल (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड असतो, तो वापरा. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, नियमही तोच आहे.

आणि पाणी? लालबुंद डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकू किंवा तडकू शकते. वास आला की सपाट, मोकळी जागा बघून थांबा. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि ब्रेक आपसूक निवू द्या. अर्धा तास लागला तरी लागू दे.