गणित टाळून किती दिवस?

'बीसीए म्हणजे इंजिनिअरिंग हुकलेल्यांची सोय' हे कॉम्प्युटरच्या या पदवीवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आमच्या इंदूरला सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिस आल्यापासून रामबागेतल्या आज्यांनाही बीसीए तोंडपाठ झालंय!

खरी गोम पुढे आहे. बीसीएनंतरचं एमसीए आता २ वर्षांचं झालं खरं, पण ते एनआयटीत (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत) करायला निमसेट ही प्रवेश परीक्षा द्यायची तर बीसीएला गणित किंवा संख्याशास्त्र विषय हवाच. 'गणिताची कटकट नको' म्हणून इकडे वळणारी मुलं तिथेच अडकतात.

आणि कॉलेजची लॅब जाऊन बघा हो. भाच्याच्या कॉलेजात प्रोग्रॅमचं आउटपुट फळ्यावरून प्रॅक्टिकलच्या वहीत उतरवून घेतात, कॉम्प्युटर बंदच! मुलाखतीत साधी एसक्यूएल जॉइन क्वेरी (डेटाबेसमधले दोन तक्ते जोडून माहिती काढणं) विचारली, तर ही वही दाखवणार का?